बांध वाढू नये म्हणून

एका राज्यात, नदीच्या ऐलतीरी, राजा वीरकेतू नांदत होता. राजा न्यायी, राणी सुशील, मुलगी इंदुवती सहा वर्षांची, आणि राणीला पुन्हा सातवा महिना लागलेला. कमी कशाचीच नव्हती. तरी राजाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. का म्हणाल, तर बांधापायी. बाप मेला की शेताचे तुकडे पडत, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे, आणि दर तुकड्याला नवा बांध. सकाळी दरबार भरला की भाऊ भावाची मानगूट धरून उभा.

"यानं माझा वीतभर बांध कोरला, महाराज!"

"यानं बांधावरची बोर तोडली, ते नाही सांगायचा!"

एकदा तर धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात कुदळ घातली. दोघांची आई दरबारात आली आणि कुणाच्या बाजूनं न्याय मागावा ते न कळून नुसतीच उभी राहिली. त्या दिवशी राजा जेवला नाही.

तशात अंजनसिद्ध पाहुणा आला. हा मोठा मांत्रिक. चालला तर पाऊल उमटत नसे, बोलला तर ओठ हलत नसत. राजानं त्याचे पाय धुतले, पंचपक्वान्नं वाढली. सिद्ध प्रसन्न झाला. म्हणाला, "राजा, माग."

"माझ्या राज्यात नवा बांध पडू नये."

"बांध का नुसता मातीचा असतो? विचार कर."

"विचार झाला."

"राणीला विचार."

"शेतीच्या कारभारात राणीला काय विचारायचं?"

"तथास्तु," असं म्हणून सिद्ध उंबऱ्यावरूनच दिसेनासा झाला.

इकडे माजघरात राणीच्या डोहाळजेवणाची तयारी चाललेली. हिरवा चुडा भरला होता, ओटीचे नारळ निवडून ठेवले होते. त्याच घटकेला राणीचं पोट सपाट झालं. कळ नाही, रक्त नाही. पाहुणा दारापर्यंत यावा आणि घर चुकलं म्हणून माघारी वळावा, तसं झालं. सगुणा सुईण तेव्हा तरणी होती. तिनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "हितं कुणी न्हाई."

इंदुवतीनं विचारलं, "आई, बाळ कुठं गेलं?" आईनं हातातला चुडा एकेक करून उतरवला.

वर खरा झाला होता. बांध पडायचा नाही, म्हणजे वाटेकरी जन्मायचा नाही. ज्या घरात एक लेकरू होतं तिथं दुसरं झालं नाही. ज्या घरात चार भाऊ होते, त्या चौघांत मिळून पुढं एकच पाळणा हलला.

आणि खरं सांगायचं, तर लोक आधी खूश झाले! का नाही व्हायचे? दरबारातली भांडणं आटली. एका लेकराला सगळी साय, सगळं तूप, सगळ्यांचा जीव. शेत अखंड, कणगी भरलेली. राजाच्या नावानं लोकांनी देवळात दिवे लावले.

मग ती लेकरं लग्नाला आली. नवरा एकुलता, नवरी एकुलती. दोन शेतांचं एक शेत झालं, दोन घरांचं एक घर, आणि दुसऱ्या घराला कुलूप लागलं. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. शेत मोठं होत गेलं, कसणारे हात कमी होत गेले. रान पडीक पडलं. काका, मावशी, आत्या ही नावं आधी ओठांवरून गेली, मग कानांवरून. बोहल्यावर मुलीच्या मागं उभं राहायला मामा मिळेना, तेव्हा एका हुशार भटजीनं खांबाला पागोटं बांधून तो उभा केला. पहिल्या लग्नात लोक हसले. पुढं हसेनात.

पैलतीरी काय चाललं होतं? तिथं एकेका पाळण्यात दोन-दोन लेकरं निजत होती. पूर्वी पैलतीरचा राजा दर वर्षी ऐलतीरी घोड्यांची खंडणी धाडी आणि बोलताना नजर खाली ठेवी. माणसं वाढली तशी खंडणी थांबली, आणि ऐलतीरी कुणाला मागायला जायचं धैर्य झालं नाही.

एका दुष्काळी साली पैलतीरचा दूत आला. हात जोडलेले, बरोबर तुपाचा बुधला. म्हणाला, "महाराज, आमच्या शेतात बैलाला वळायला जागा नाही. तुमचं रान पडीक आहे. बटाईनं द्या, निम्मं पीक तुमचं."

वीरकेतू म्हणाला, "तुम्ही आलात की बांध आलाच. मिळणार नाही."

काही वर्षांनी दुसरा दूत आला. बुधला आणला नव्हता, हातही जोडले नव्हते. त्यालाही तेच उत्तर मिळालं. पुढं वीरकेतू म्हातारा होऊन मेला. त्याच्या गादीवर इंदुवती बसली. तीही आता पन्नाशीला आलेली, विधवा, आणि पदरी एकच मुलगा, रत्नकेतू.

तिसरा दूत आला तो इंदुवतीपुढं. बसा म्हणायच्या आत बसला.

"राणीसाहेब, आमच्याकडं एका खाटेवर तिघं निजतात. तुमच्याकडं गावंच्या गावं कुलपात. दसऱ्याच्या आत रान द्या. नाहीतर आमचे राजे महाबाहू उतार ओलांडून येतील."

उतार म्हणजे नदीत पाणी गुडघ्याएवढं असे ती जागा. राणीनं सेनापतीला बोलावलं.

"आपलं सैन्य तयार आहे?"

"तयार आहे, राणीसाहेब," सेनापती म्हणाला. "फक्त बसलं की उठायला वेळ लागतो."

तरणे शिपाई हवेत म्हणून दवंडी पिटली. दवंडीवाला ज्या दारात जाई, तिथं आई उंबरा अडवून उभी राही. "आमचा एकच आहे." दुसऱ्या दारात तेच. राज्यभर तेच. तेव्हा रत्नकेतूनं कमरेला तलवार बांधली.

"आईसाहेब, उतारावर मी जातो."

"तूही एकच आहेस."

"पण राजाच्या घरचा आहे. मी घरात बसलो, तर दुसऱ्याच्या एकुलत्याला कोणत्या तोंडानं बोलवू?"

राणीजवळ सगुणा सुईण बसली होती. काम नसलेल्या हातांनी ती वाती वळत असे. ती म्हणाली, "राणीबाय, तुमी बी उंबऱ्यात हुबं ऱ्हावा की. कोन बोलनार हाय तुमाला?"

"सगळ्या बायका मलाच बघताहेत, सगुणा."

"मग ज्यानं ह्यो वर दिला त्याच्याकडं जावा. तुमच्या बापानं मागितला, तुमी परत करा. उसनं आनलेलं पातेलं बी मानूस परत करतो."

राणी पालखी न घेता निघाली. वाघ आडवे आले ते बाजूला झाले, वणवा आडवा आला तो विझला. डोंगरकपारीत अंजनसिद्ध बसला होता. इतक्या वर्षांत त्याचा एक केसही पांढरा झाला नव्हता.

"सिद्धराज, वर परत घ्या."

"दिलेला वर परत घेता येत नाही. फेडता येतो. तीन कामं कर. कोठारातल्या धनावरचा भुजंग उठव. डोंगरामागच्या वडावरची साळुंकी काय सांगते ते ऐक. आणि राजशेतात आपल्या हातानं बांध घाल, बांधापलीकडं वाटेकरी उभा कर. मग वर फिटेल."

"माझा मुलगा वाचेल?"

"ते माझ्या हातात नाही. वर फिटेल, एवढंच म्हणालो."

राणी माघारी आली आणि कोठारात उतरली. वारस नसलेल्या घरांचं धन राजाकडं येई, ते वर्षानुवर्षं इथं साठलं होतं. सोन्याच्या पाटल्या, चांदीची ताटं, बाळलेणी. त्यावर वेटोळं घालून मनगटाएवढा जाड भुजंग बसलेला. त्याच्या भीतीनं एका दमडीला कुणी हात लावला नव्हता.

भुजंगानं विचारलं, "हे कुणाचं?"

"राजाचं," राणी म्हणाली. भुजंग मांडीएवढा झाला.

"प्रजेचं." तो खांबाएवढा झाला.

"माझ्या मुलाचं." भुजंगानं फणा उभारला तो छताला टेकला.

राणी खाली बसली. हाताशी एक बिंदली लागली, तान्ह्याच्या हातातली, एकदाही न वापरलेली. ती हातात धरून राणी हळूच म्हणाली, "ज्याचं आहे, तो जन्मलाच नाही."

भुजंग गांडुळाएवढा झाला. "खरं बोललीस. वाटेकरी येईपर्यंत राखण करत होतो. आता त्याला शोध," म्हणाला आणि भिंतीच्या भेगेतून निघून गेला.

राणी डोंगरामागं गेली. तिथं एक वड होता. पानापानाआड घरटं, आणि घरटं न घरटं रिकामं. शेंड्यावर एकच साळुंकी बसली होती.

"साळुंके, या घरट्यांत कोण राहत होतं?"

"तुमच्या राज्यात जन्माला यायची होती ती लेकरं. पाखरं होऊन इथं बसायची, आपापल्या दाराकडं बघत. दारं उघडेनात. किती बसतील? एकेक करून नदीपलीकडं गेली. तिथं दारं उघडी होती."

जे भाले घेऊन येताहेत म्हणून आपण दारं लावून बसलो, ते कोण, हे राणीला उमगलं.

"माझ्या आईच्या पोटातून एक गेलं होतं."

"मुलगी होती. पैलतीरी जन्मली, मोठी झाली, मोळ्या विकायची. तुमच्या बापाकडं तुपाचा बुधला आला ना, त्या दुष्काळात गेली. नदीकाठी बसल्याबसल्याच गेली. तोंड या तीराकडं होतं. इथलं गवत फार हिरवं दिसतं तिकडून."

"नाव काय होतं तिचं?"

"नावं माणसं ठेवतात. आम्ही पाखरं." साळुंकी उडाली. राणी झाडाखाली बसून राहिली. आईनं उतरवलेल्या बांगड्यांचा आवाज तिच्या कानात आता वाजला, इतक्या वर्षांनी.

तिसऱ्या कामाला वाटेकरी हवा होता. दसऱ्याचा दिवस उजाडला तशी राणी साधं लुगडं नेसून, होडीत बसून पैलतीरी गेली. तिथं शेतं कसली, चिंध्या होत्या नुसत्या. एका बांधावर बसून बाई निंदू लागली, तर दुसऱ्या बांधाला तिचं कोपर लागे. अशाच एका चिंधीत भिवरा नावाची बाई निंदत होती. कडेला तिची तीन पोरं खेळत होती.

"किती लेकरं तुला?" राणीनं विचारलं.

"पाच. ही तीन, आन दोन मोठी. केरबा आन सुभाना."

"बाई, मी ऐलतीरची राणी. तुझ्या पाचांतला एक मला दे. माझ्या मुलाचा भाऊ म्हणून वाढवीन, अर्धं राजशेत त्याच्या नावानं करीन."

भिवरा उभी राहिली. खुरपं हातातच होतं.

"पाच हायेत म्हून येक जास्तीचा हाय, असं वाटलं व्हय तुमाला?"

भिवरेनं खुरपं पोरांकडं केलं.

"आमचा राजा बी असंच म्हनतो. तुला पाच हायेत, दोन दे लढाईला. सावकार म्हनतो, पाच हायेत, येक दे गुरं राखाया. समद्यांना आमची पोरं मोजून ठावी. तुमचा येकच, तवा त्यो डोळ्यांतला. आन आमची पाच, तवा काय, परड्यातली कोंबडी?"

राणीनं मान खाली घातली. "चुकले मी. पोरगं नको. तू ये. सगळ्यांना घेऊन ये. बांध मी घालते, पलीकडचं शेत तुझं."

भिवरेनं तिला नीट न्याहाळलं. "राणी बांध घालनार?"

"माझ्याच हातानं घालायचा आहे."

"आन पुन्हा हाकलून दिलं तर?"

"बांध उभा राहिला की मलाही तो मोडता यायचा नाही."

भिवरेनं धाकट्याला काखोटीला मारलं. "चला मग. पर आदी उताराकडनं जाऊ. माझी दोन पोरं तिथं भाले घिऊन हुबी हायेत, तुमच्याच रानासाटी. त्यांना सांगून येते की रान मिळालं."

आता इथं राणीनं हो म्हणायला हवं होतं. पण लेक कुणाची? वीरकेतूची. ऐलतीरच्या माणसाला बांधाखेरीज कशाचा भरवसा वाटतो? ती म्हणाली, "आधी बांध पुरा होऊ दे. मग तुला सांगायला काही खरं असेल. नुसत्या शब्दावर कोण भाला खाली ठेवतो?"

भिवरेला ते पटलं. तीही शेतकरीणच.

होडीनं सगळी ऐलतीरी आली. राजशेतात राणीनं पदर खोचला आणि कुदळ हाती घेतली. जन्मात कधी धरली नव्हती. हाताला फोड आले, फुटले, दांडा लाल झाला. भिवरेनं कुदळ मागितली, तर राणी म्हणाली, "मीच घालायला हवा." सूर्य डोक्यावर आला, कलला. भिवरा ढेकळं बघे, मग नदीकडं बघे. "झाला का, बाई? आता जाऊ?" राणी म्हणे, "थोडाच राहिला."

शेवटचं ढेकूळ बसलं, आणि राज्यभर घरांची कुलपं आपोआप गळून पडली. माळ्यावरचे पाळणे वाऱ्यावाचून हलू लागले. वर फिटला. भिवरा ते पाहायला थांबली नाही, उताराकडं धावत सुटली. मागोमाग राणी.

उतारावर या बाजूला रत्नकेतू आणि म्हातारे तिरंदाज, त्या बाजूला पैलतीरचं सैन्य, मध्ये पाणी. सकाळपासून दोघंही नुसते उभे होते. कुणालाच पहिलं पाऊल टाकायचं नव्हतं. शिदबा नावाचा एक म्हातारा तिरंदाज धनुष्य ताणून उभा होता. नेम कुणावरच नव्हता. सकाळपासून ताणलेला हात कापला, आणि बाण सुटला.

पलीकडं केरबा पाण्यात बसला. बसला तसा आडवा झाला.

भिवरा उतारालगतच्या टेकडीवर आली ती ह्याच वेळी. "आरं भाले टाका! केरबा! सुभाना! रान मिळालंय आपल्याला!" ती ओरडत होती. तिला दिसलं नव्हतं अजून.

सुभानानं भाला टाकला आणि भावाला उचललं. रत्नकेतूनं तलवार पाण्यात सोडली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. राणी पाण्यात शिरून मोठ्यानं म्हणाली, "ऐलतीरचं पडीक रान कसणाऱ्याचं. बांध घालून घ्या. कुलपं पडलीत, घरं उघडी आहेत." पैलतीरच्या शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकानं भाला टाकला, मग दहांनी, मग सगळ्यांनी. राजा महाबाहू हत्तीवर एकटाच उरला. तो खाली उतरला.

"राणी, हे आधी का नाही दिलं?"

"माहीत नव्हतं, कुणाला नाकारतोय ते."

"आणि आम्ही मागताना भाला आणला," महाबाहू म्हणाला. दोघांनी पाण्यातच एकमेकांना नमस्कार केला. तह झाला तो एवढाच. पुढं त्या उतारावर पहारा बसला नाही.

केरबाची तिरडी ऐलतीरीच बांधली. एक खांदा सुभानाचा, एक रत्नकेतूचा, एक महाबाहूच्या सेनापतीचा. चौथा शिदबा मागत होता, त्याला उचलवलं नाही. तो खांदा एका शिपायानं दिला, शिदबा नुसता तिरडीला हात लावून चालला.

बायका जमल्या. ऐलतीरच्या आल्या, पैलतीरच्या आल्या. भिवरेच्या पाठीवरून हात फिरवून एकेक जण म्हणे, "सावर, बाई. अजून चार आहेत तुला." मनानं सगळ्या चांगल्याच होत्या हो, पण म्हणत तेच होत्या. इंदुवती मागून आली आणि भिवरेच्या शेजारी मातीत बसली. तिनं ते म्हटलं नाही.

मग भिवरा म्हणाली, "आदी जाऊ दिलं असतं, तर."

"हो," राणी म्हणाली.

पुढं ऐलतीरी घराघरांत दुसरी, तिसरी लेकरं झाली. सगुणेला वाती वळायला सवड राहिली नाही. भुजंगाखालचं धन नव्या शेतांच्या विहिरींना लागलं. रत्नकेतू गादीवर बसला, आणि भिवरेची चार पोरं त्याच्या बांधाला बांध लावून कसू लागली. राज्य पुन्हा राज्यासारखं झालं. दसऱ्याला सगळे सोनं वाटायला बाहेर पडत, तेव्हा म्हातारी इंदुवती आपट्याची पानं घेऊन भिवरेच्या दारी जाई. भिवरा पानं घेई, पाट मांडी, आणि दोघी उन्हं उतरेपर्यंत ओसरीवर बसून राहत.

जशी त्यांची दारं उघडली, तशी तुमची आमची उघडोत. त्यांना उशीर झाला, तसा कुणाला न होवो.